अमेरिकेतलं खासगी विद्यापीठ निवडताना: बोलण्याची मुभा आणि छळविरोधी नियम

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी, सरकारला बांधते, खासगी विद्यापीठांना नाही, हे एव्हाना तुमच्या कानावर आलं असेलच. तिथं बोलण्याची मुभा किती, ते विद्यापीठाची नियमपुस्तिका ठरवते. कॅलिफोर्निया तेवढा वेगळा. १९९२च्या लेनर्ड कायद्यामुळे तिथल्या बहुतेक खासगी विद्यापीठांना विद्यार्थ्यांच्या बोलण्याबाबत सरकारी विद्यापीठांसारखंच वागावं लागतं. याच कायद्यापुढे स्टॅनफर्डची भाषणसंहिता (काय बोलू नये याचे नियम) १९९५मध्ये कोर्टात टिकली नाही.

बाकी ठिकाणी ढोबळमानानं दोन पंथ दिसतात. पहिला शिकागो विद्यापीठाचा. तिथले प्राध्यापक जेफ्री स्टोन यांच्या समितीचा भाषणस्वातंत्र्यावरचा अहवाल जानेवारी २०१५मध्ये आला आणि प्रिन्स्टनच्या प्राध्यापकांनी त्याच वर्षी ती भूमिका उचलली. कुणाला एखादं मत किळसवाणं वाटलं एवढ्यावरून ते दाबायचं नाही; धमकी, छळ, बदनामी मात्र चालणार नाही. या वाटेनं जाणारी काही विद्यापीठं छळ ओळखायला अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९९९च्या डेव्हिस खटल्याची कसोटी लावतात: वर्तन गंभीर हवं, सतत चाललेलं हवं, तटस्थ माणसालाही आक्षेपार्ह वाटायला हवं आणि त्यानं समोरच्याचं शिक्षणच अडायला हवं.

दुसरा पंथ सौजन्याचा. तिथं 'अपमानास्पद' किंवा 'नकोसं' वाटणारं वर्तनही छळविरोधी नियमांच्या कक्षेत येतं आणि निनावी तक्रारीसाठी ऑनलाइन फॉर्म असतो. सरकारी निधी घेणाऱ्या दोन्ही पंथांच्या विद्यापीठांना वंशावरून भेदभावाला बंदी करणारा १९६४चा टायटल सिक्स आणि लिंगावरून भेदभावाला बंदी करणारा १९७२चा टायटल नाइन हे कायदे लागूच आहेत, त्यामुळे पहिल्या पंथात छळाकडे काणाडोळा होतो असं समजू नका.

मी मास्टर्स दुसऱ्या पंथाच्या एका विद्यापीठात केलं आणि पीएचडीला पहिल्याकडे गेलो. खरं सांगायचं तर मास्टर्सच्या काळात वातावरण छान होतं, माणसं जपून बोलायची, नवख्या परदेशी विद्यार्थ्याला ते बरंही वाटतं. मला नकोसा झाला तो एक ईमेल. 'तुमच्याबाबत एक नोंद आली आहे, अनौपचारिक संवादासाठी या.' मी काय बोललो, कुठल्या तासाला, कुणाला लागलं, यातलं काहीही त्यात नव्हतं. भेटीतही नाही सांगितलं. तक्रारदाराची गोपनीयता, म्हणे. 'ही शिस्तभंगाची कारवाई नाही' हे मात्र पुन्हापुन्हा सांगितलं. मग नोंद राहणार का? त्यावर नुसतं हसू. पुढं काहीच झालं नाही. पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेला माणूस अशा 'काहीच नाही'नं किती धास्तावतो, ते त्या कार्यालयाला कळलेलं दिसलं नाही. त्यानंतर सेमिनारमध्ये माझी चर्चा हवामानापुरती उरली.

पीएचडीच्या ठिकाणी एका सहाध्यायानं माझ्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा नेमकं वाक्य, तारीख आणि कुठलं कलम, सगळं पहिल्याच पत्रात लेखी आलं. मला चांगलाच राग आला, पण उत्तर देता आलं.

दुसरी बाजूही आहे. एखाद्याच्या मागे कुणी रोज लागलं असेल, तर प्रकरण 'गंभीर आणि सततचं' ठरेपर्यंत थांबायचं हे क्रूर वाटू शकतं. तिथं रुंद व्याख्या लवकर कामाला येते, आणि ज्यांनी असला त्रास भोगला आहे त्यांनी दुसरा पंथ निवडला तर मी वाद घालणार नाही. तरी तक्रारीचा निकाल लागेपर्यंत दोघांनी संपर्क ठेवू नये, असा आदेश पहिल्या पंथातही मिळू शकतो.

जाहीरनाम्यावर फार विसंबू नका. मोकळ्या चर्चेचं गुणगान दोघांच्याही संकेतस्थळावर असतं. प्रवेशपत्र आलं की डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयाला एकच विचारा: माझ्याविरुद्ध तक्रार आली तर ती मला लेखी कधी दिसेल? मी पीएचडीच्या आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. एकाकडून कलम क्रमांकासकट उत्तर आलं, दुसऱ्याकडून सौजन्यावरचं माहितीपत्रक.