गुलमर्गला बॅचलरेट: सहाजणींनी कुठे काय खाल्लं, कुठे परत जाऊ

मामेबहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि तिने पहिल्याच फोनवर सांगून टाकलं की गोवा नको, मला बर्फ पाहिजे. मग फेब्रुवारीत शुक्रवार ते सोमवार असा बेत ठरला, आम्ही सहाजणी, पुण्याहून श्रीनगर आणि तिथून पन्नासेक किलोमीटर वर गुलमर्ग. स्कीइंगचं एकीने बघितलं, राहायचं दुसरीने आणि जेवणाचं सगळं माझ्याकडे आलं. आता यात गोची अशी की चौघी मटणावर जीव टाकणाऱ्या आणि दोघी पक्क्या शाकाहारी, आणि त्या दोघींतली एक म्हणजे खुद्द नवरी! बॅचलरेट म्हणा काही म्हणा, माझ्या डोक्यात हे तिचं केळवणच होतं आणि केळवणात नवरीच्या ताटात पनीर बटर मसाला ढकलायचा आणि बाकीच्यांनी मेजवानी झोडायची हे मला मुळीच मान्य नव्हतं. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते त्याच हिशोबाने वाचा, जिथे नवरी मनापासून जेवली ती जागा माझ्या लेखी पहिली.

आधी एक गोष्ट सांगते कारण तिच्यामुळे सगळं वेळापत्रक बदलतं. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि तिथे रात्र लवकर होते. सातनंतर बाहेर चालायचं म्हणजे घट्ट झालेल्या बर्फावरून पाय सरकतात, गाड्याही टायरला चेन लावलेल्याच फिरतात. म्हणजे पुण्यामुंबईसारखं साडेनऊला "चला कुठे जायचं जेवायला" असं होत नाही. रात्रीचं जेवण दुपारीच ठरवून, सांगून ठेवायचं. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आमच्यात तिघींचे फोन बंद म्हणजे त्यांचं यूपीआयही बंद, म्हणून रोख पैसे जवळ ठेवा, ढाब्यावर तर नक्कीच.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो आणि पहिल्याच रात्री आमची फसगत झाली. एका हॉटेलने फोनवर "ब्राइड टू बी डिनर" असं पॅकेज विकलं होतं, आगाऊ पैसे घेऊन. गेलो तर फुगे होते, गुलाबी झालर होती, आणि जेवण म्हणजे थंड पडलेली डाळ, कडक झालेली नान आणि फ्रीजमधून थेट टेबलावर आलेला केक ज्यात सुरी जात नव्हती. काश्मिरी काहीच नाही. विचारलं तर म्हणे टुरिस्ट लोकांना हेच आवडतं. मला खरंच वाईट वाटलं, पैशांपेक्षा नवरी "असू दे गं" म्हणत हसत होती त्याचं जास्त. तेव्हा कोणी असं पॅकेज देत असेल तर आधी एकच प्रश्न विचारा, आज आचारी काय बनवतोय? फुगे आपण दोनशे रुपयात घेऊन जाऊ शकतो.

शनिवारी सकाळी स्कीइंगचा क्लास होता. इथे एक खूप कामाची टिप, स्कीचे बूट घालून दहा मिनिटं चालणं पण नको होतं, पोटरी आवळून धरलेली असते आणि पाय वळतच नाही, त्यामुळे दुपारचं जेवण उताराच्या जवळच धरा. आम्ही गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, पहिल्या टप्प्याला, कोंगडोरीला गेलो, ते ३,००० मीटरच्या वर आहे (तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आणि जोराचा वारा असला की गोंडोला थांबतो हेही धरून चाला). तिथे ढाबे आहेत, साधे, प्लास्टिकच्या खुर्च्या, आत भट्टी पेटलेली. राजमा चावल, मॅगी, आम्लेट, कहवा, बस एवढंच. पण त्या उंचीवर सकाळपासून पंचवीस वेळा बर्फात आपटून झाल्यावर गरम राजमा पोटात गेला ना की दुसरं काही सुचतच नाही. काश्मिरी राजमा आपल्यापेक्षा बारीक आणि लालबुंद असतो, शिजल्यावर पिठूळ होतो, रस्सा वेगळा घट्ट करायला लागत नाही. नवरीने दोन प्लेट खाल्ल्या. खाली गोंडोला स्टेशनच्या बाजूला बक्षी ग्रीन आहे, तिथेही शाकाहारी-मांसाहारी दोन्ही मिळतं आणि खिशाला परवडतं, रविवारी सकाळी आम्ही तिथे पराठे खाल्ले, छान होते.

दुसऱ्या टप्प्याला, अफरवतला, जेवायला जायचं नसतं, ३,९०० मीटरच्या वर श्वास पुरत नाही तर भूक कुठून लागणार. जा, बघा, खाली येऊन खा.

कहवा मात्र कुठेही मिळाला तर सोडू नका, फक्त समोवारातला बघून घ्या. तांब्याचं उंच भांडं असतं, मधोमध नळी आणि त्यात पेटता कोळसा, बाजूने पाणी उकळत राहतं. हिरव्या चहाची पानं, दालचिनी, वेलची, केशर, आणि कपात बदामाचे उभे काप. पाकिटातली पूड गरम पाण्यात ढवळून देतात त्याला कहवा म्हणायचं नाही. नून चाय ही वेगळी गोष्ट, गुलाबी रंगाची, मिठाची. आमच्यातल्या एकीने त्यात साखर मागितली तर चहा देणारे काका म्हणाले, "बेटी, पहले ऐसे ही पी के देखो." प्यायली, आणि मग रोज सकाळी तिनेच मागितली. सोबत कांदरूची रोटी हवी, कांदरू म्हणजे तिथला रोटीवाला, तंदूरमधली गिरदा सकाळी आणि तीळ लावलेली च्होचवोरू दुपारी. गिरद्यावर लोणी घातलं की शाकाहारी माणसाचा नाश्ता झाला.

शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ हायलँड्स पार्कच्या बारमध्ये गेलो. १९६६ पासूनचं हॉटेल आहे, लाकडी भिंती, बुखारी (खोली गरम ठेवायची शेगडी) पेटलेली, आणि देशोदेशीचे स्की करणारे लोक दिवसभराच्या गप्पा मारत बसलेले. गुलमर्गमध्ये दारू मिळणाऱ्या जागा फार कमी, त्यामुळे ज्यांना ग्लास हातात घ्यायचाय त्यांनी इथेच यावं. आम्ही गरम पाण्यातली रम घेतली, एकेकच, कारण पुढे मोठं जेवण होतं. सहा मुली बारमध्ये बसल्यात म्हणून कोणी वळून बघितलं नाही, हे मला आवर्जून लिहायचंय, आपल्याकडे कित्येक ठिकाणी असं होत नाही.

आता मुख्य गोष्ट. शनिवारची रात्र.

आम्ही राहिलो होतो ते एक छोटं गेस्टहाऊस होतं, एकच कुटुंब चालवतं. शुक्रवारच्या फसवणुकीचं मी शनिवारी सकाळी मालक काकांना सांगितलं, आणि विचारलं की वाजवान, म्हणजे काश्मिरी लग्नातली मटणाची मोठी मेजवानी, मिळेल का, पण नवरी शाकाहारी आहे. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले टंगमर्गचा एक वाझा ओळखीचा आहे, संध्याकाळपर्यंत करतो काहीतरी. वाझा म्हणजे वाजवानचा आचारी, हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं काम आहे. टंगमर्ग खाली तेरा किलोमीटरवर, तिथून तो माणूस भांडी घेऊन वर आला. दुपारी आम्ही परत आलो तेव्हा मागच्या अंगणातून ठक ठक ठक आवाज येत होता, एकसारखा. दगडावर मटण ठेवून लाकडी हातोड्याने कुटत होता, चरबी घालत घालत, अक्षरशः लोण्यासारखं होईपर्यंत. रिस्ता आणि गोश्ताबाचे गोळे त्याचेच होतात.

जेवायला खाली सतरंजीवर बसवलं. आधी तश्त-नारी फिरली, म्हणजे लांब नळीच्या भांड्यातून हातावर पाणी घालतात आणि खाली तस्त धरतात, आपण जागचं उठायचं नाही. मग त्रामी आली. तांब्याची मोठी परात, मध्ये भाताचा ढीग आणि चौघांनी चार बाजूंनी एकाच परातीत खायचं. आम्ही मटणवाल्या बरोबर चौघी! भातावर सीख कबाब, मेथी माझ, आणि तबक माझ, म्हणजे बरगड्यांचे तुकडे आधी शिजवून मग तुपात तळलेले, बाहेरून कुरकुरीत आणि आत दाताला लागायच्या आधी सुटणारे. मग वाझा स्वतः एकेक पातेलं घेऊन यायचा आणि प्रत्येकीच्या बाजूला एकेक वाढायचा. रिस्ता, लाल रश्श्यातला, तो रंग मावळ नावाच्या फुलाचा असतो, ज्याला आपण कोंबडा म्हणतो तेच फूल. रोगन जोश. आणि शेवटी गोश्ताबा, दह्याच्या पांढऱ्या यखनीत, वर सुका पुदिना. गोश्ताबा आला म्हणजे जेवण संपत आलं हे समजायचं, त्यामुळे आधीच भातावर तुटून पडू नका, मी पडले आणि गोश्ताब्याला पोटात जागा कमी राहिली याची अजून हळहळ वाटते.

पण नवरीचं काय? तर त्या दोघींसाठी वाझाने वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यांत सगळं केलं होतं आणि त्यांना छोटी त्रामी दिली, ताट नाही, त्रामीच! हे बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. नदरू यखनी म्हणजे कमळाचा देठ दह्याच्या रश्श्यात, तोडला की मधे बारीक धागे ताणले जातात. दम आलू, आपल्या पंजाबी ग्रेव्हीवाला नाही, बटाटे टोचून खोल तळून मग मिरची, बडीशेप आणि सुंठेच्या रश्श्यात मुरवलेले. हाक, म्हणजे तिथली पालेभाजी, मोहरीच्या तेलात, फार मसाला नाही, भाताबरोबर पाणीदार खायची. च्होक वांगुन, चिंचेतली आंबट वांगी, ही खाताना नवरी म्हणाली की आजीच्या भरल्या वांग्यांची आठवण आली. आणि मुळ्याची दह्यातली चटणी, अक्रोडाची चटणी, या दोन्हीकडे सारख्याच. तिने नदरू तीनदा मागून घेतला. वाझा प्रत्येक वेळी वाढताना तिच्याकडे बघून खुश होत होता.

जेवण झाल्यावर घरातल्या बायका आल्या, काकूंना कळलं होतं लग्न आहे म्हणून. चौघीजणी आणि शेजारच्या दोघी, समोरासमोर दोन रांगा करून उभ्या राहिल्या आणि एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची असं वनवुन गायलं. काश्मिरात मेंदीच्या रात्री नवरीसाठी बायका हे गातात. शब्द कळले नाहीत पण चाल संथ, खालच्या पट्टीतली, आपल्याकडे घाणा भरताना म्हाताऱ्या बायका म्हणतात ना अगदी तशी. मग आम्ही त्यांना जात्यावरच्या दोन ओव्या म्हणून दाखवल्या, जेवढ्या येत होत्या तेवढ्या. नवरी रडत होती आणि काकू तिला कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, देत होत्या मांडीवर धरायला.

तुम्हाला हे हवं असेल तर हॉटेलवाल्याला निदान आदल्या दिवशी सांगा (आम्हाला सकाळी सांगून मिळालं ते नशीब), त्रामीचा भाव आधी ठरवा कारण तो माणशी नसतो, परातीवर असतो, आणि शाकाहारी असतील तर पातेली, डाव सगळं वेगळं हवं हे स्पष्ट बोला. कोणी वाईट वाटून घेत नाही.

ज्यांना थाट हवा त्यांच्यासाठी खैबर हॉटेल आहेच, २०१२ अखेरीला सुरू झालेलं, गोंडोलाच्या जवळ. आम्ही रविवारी दुपारी त्यांच्या क्लोव्ह्ज रेस्टॉरंटमध्ये गेलो, मोठ्या काचांतून अफरवत समोर, अक्रोडाच्या लाकडाचं कोरीवकाम, सर्व्हिस एकदम अदबीची. महाग आहे, पण एक जेवण तिथे करावं, नवरीचे सगळ्यात सुंदर फोटो तिथलेच आले. आणि बर्फाच्या इग्लू कॅफेचं खूप जणी विचारतात, कोलाहोई ग्रीन हॉटेलने २०२२ मध्ये साडेसदतीस फूट उंच बांधला होता तो. दरवर्षी बर्फ किती पडतो त्यावर ते अवलंबून, म्हणून आधी फोन करून विचारा, आणि तिथे एक कहवा आणि फोटो एवढंच, बर्फाच्या टेबलावर जेवण पाच मिनिटांत गार होतं.

रविवारी संध्याकाळी खाली श्रीनगरला आलो. आता इथे आमच्यात दोन गट पडले आणि ते चांगलंच झालं. शाकाहारी गट दुर्गानागजवळच्या कृष्णा वैष्णो ढाब्यावर, गर्दी असते, थांबायला लागतं, टेबल कुणाबरोबर तरी वाटून घ्यावं लागतं, राजमा चावल आणि वर तूप. आम्ही चौघी रेसिडेन्सी रोडला अहदूसमध्ये, १९१८ पासूनचं, आणि तिथे मी शनिवारी अर्धा राहिलेला गोश्ताबा पूर्ण खाल्ला, शांतपणे.

सोमवारी सकाळी विमान दुपारचं होतं म्हणून आम्ही दोघी सातला उठून श्रीनगरच्या ‘आली कदल’ भागात हरिसा खायला गेलो. हा फक्त थंडीतला पदार्थ, मटण आणि तांदूळ रात्रभर मातीच्या हंड्यात शिजतं, मग घोटून घोटून एकजीव करतात, वर कढकढीत तेल ओततात तेव्हा चर्र आवाज येतो, आणि गरम रोटीबरोबर खायचं. नऊ-दहापर्यंत संपतं, त्यामुळे उशीर करू नका. येताना नवरीसाठी मूनलाइट बेकरीतून अक्रोडाचं फज घेतलं, दोन डबे, एक तिला आणि एक मामीला. तिचा डबा बनिहालच्या वरून विमान जातानाच संपला.