आल्प्समधली इग्लू हॉटेलं: जादा पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाहीत

जाहिरातीत दिसतात ती भिंतीवर कोरलेली अस्वलं, निळे दिवे आणि मेंढीच्या कातड्यांनी सजवलेला बिछाना. रात्र कशी जाणार हे मात्र स्लीपिंग बॅग आणि स्वच्छतागृहाचं अंतर ठरवतं. बुकिंग करण्याआधी चौकशी करावी ती याच दोन गोष्टींची.

ही इग्लू बर्फाच्या लाद्या रचून केलेली नसतात. मोठा फुगा हवेने फुगवतात, त्यावर यंत्राने बर्फ उडवून जाड थर देतात, तो काही तास बसू देतात आणि मग हवा काढून फुगा दारातून ओढून घेतात. तोवर बर्फाचे कण एकमेकांत सांधलेले असतात, म्हणून घुमट आधाराशिवाय उभा राहतो. पण तो हंगामभर हळूहळू खाली बसत जातो. मार्चअखेरीस छत ठेंगणं होतं, कोरीव काम बोथट होतं आणि उन्हाच्या दिवसांत छताला जिथे उंचवटे असतील तिथून पाणी ठिबकतं. मधला जानेवारी ते फेब्रुवारीअखेर हा काळ त्यातल्या त्यात उत्तम.

बाहेर उणे 20 असलं तरी आत साधारण शून्य ते उणे 5 अंश असतात, कारण बर्फात अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे ‘उणे 40 ची बॅग देतो’ या वाक्याला भुलू नये. बॅगेवर तीन आकडे असतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. टोकाच्या तापमानाला झोप लागत नाही, फक्त जीव तगतो. आरामाचा आकडा विचारा. तो उणे 10 असेल तर काळजी नाही. आतलं सुती अस्तर प्रत्येक पाहुण्याला धुतलेलं मिळतं का, हेही विचारायला लाजू नये.

बिछाना म्हणजे बर्फाचा ओटा, त्यावर फळी, गादी आणि कातडं. अंगाखाली बॅगेचं भरण दबून जातं, म्हणून थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. गादी पातळ वाटली तर झोपायच्या आधीच आणखी एक कातडं मागून घ्यावं. अंगात कोरडे थर्मल, कोरडे लोकरी मोजे, कानटोपी, बस्स. बॅग अंगाला घट्ट असेल आणि जाड जॅकेट घालून आत शिरलं, तर भरण आतूनही दबतं आणि ऊब कमी होते. चढून येताना घातलेले कपडे घामाने ओलसर असतात, ते बदलायलाच हवेत. उद्याचे कपडे, फोन आणि बुटांचं आतलं अस्तर पायाशी बॅगेत ठेवावं. तोंड मात्र बाहेरच. श्वासातली वाफ आत साचली तर पहाटे हुडहुडी भरते.

गरम पाण्याच्या टबाचे जादा पैसे आम्हाला पटत नाहीत. टबात मजा असते, पण ओल्या केसांनी बर्फात परतावं लागतं आणि दारापाशी टांगलेला टॉवेल फळीसारखा कडक होतो. तेच पैसे आत किंवा शेजारी स्वच्छतागृह असलेल्या खोलीसाठी मोजावेत. रात्री अडीचला बॅगेची चेन उघडून, बूट चढवून, बर्फातून चालत गेल्यावर पुन्हा ऊब यायला बराच वेळ जातो. जेवणात बहुधा चीज फाँड्यू (पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज) असतं, ते थंडीत चांगलंच. गरम मसालेदार वाइन बेताने घ्यावी: तिने त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब आल्याचा भास होतो आणि शरीर उलट लवकर गार पडतं. शिवाय लघवीला उठावं लागतं ते वेगळंच. अडीच हजार मीटरच्या वर पहिल्याच रात्री डोकंही दुखू शकतं.

छताजवळचं हवेचं भोक थंडीच्या भीतीने कधीही बुजवू नये. ताज्या हिमवृष्टीने ते बुजलं तर कर्मचाऱ्यांनी मोकळं करायचं असतं. आत स्टोव्ह पेटवणं तर सपशेल बाद. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटची केबल कार गेली की सकाळपर्यंत खाली उतरायची सोय बहुधा नसते. बंद जागेची धास्ती असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. वादळी वाऱ्यात केबल कार दुपारीच थांबते, तेव्हा पैसे परत मिळतात, दुसरी तारीख मिळते की दरीतल्या हॉटेलात खोली देतात, हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या.