लवाद की वाटाघाटी? भारताच्या दोन सागरी सीमा

पूर्वेला बांगलादेश, पश्चिमेला पाकिस्तान. दोन्हीकडे समुद्रातल्या रेषेवरून वाद होता, पण वाटा वेगळ्या झाल्या.

बांगलादेशाने २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार लवाद मागितला. ७ जुलै २०१४ ला निकाल आला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी जवळपास १९,५०० बांगलादेशाला मिळाले. भारताला समदूर रेषा, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची रेषा, हवी होती, पण बंगालच्या उपसागराच्या आत वळलेल्या किनाऱ्यामुळे ती बांगलादेशावर अन्याय करते, हे लवादाने मान्य केले. १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेले आणि पुढे पाण्याखाली गेलेले न्यू मूर बेट मात्र भारताच्या बाजूला राहिले. जास्त क्षेत्र हातचे गेले, तरी भारताने निकाल मानला. हा समजूतदारपणा मला फार मोठा वाटतो.

सर क्रीकची गोष्ट उलटी. कच्छच्या टोकाची ही ९६ किलोमीटरची खाडी. पाकिस्तान १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावाचा नकाशा दाखवून सीमा पूर्व काठावर असल्याचे सांगतो. भारत म्हणतो, जलवाहतुकीच्या खाडीत सीमा मधल्या प्रवाहातून जाते. कच्छच्या रणातल्या भारत-पाकिस्तान सीमेचा लवाद १९६८ मध्ये निकाल देऊन मोकळा झाला, खाडी तशीच राहिली. खाडीचे तोंड ठरल्याशिवाय पुढची सागरी रेषाही आखता येत नाही. भारताला इथे तिसरा नको, फक्त द्विपक्षीय चर्चा. २००७ मध्ये संयुक्त सर्वेक्षण झाले, तोडगा नाही.

किंमत मोजतात ते मच्छीमार. गुजरातचे, दीवचे, आपल्या पालघरचेही खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात, पाकिस्तानचे आपल्याकडे. म्हणून मला लवादाची वाट बरी वाटते, थोडे पाणी सोडावे लागले तरी.