जुन्या बोटीतलं डिझेल मोजायचं कसं: काठी, नळी, काटा की वही?

"ऐंशी लिटरची टाकी आहे भाऊ, बिनधास्त फिरा" असं ऐकून आम्ही दोघा चुलत भावांनी एक जुनी फायबरची बोट घेतली, ट्रकवर टाकून नवापूरकडे आणली आणि उकाईच्या बॅकवॉटरमध्ये उतरवली. दोन सिलिंडरचं वीस एचपीचं डिझेल इंजिन, मधल्या फळीखाली लोखंडी टाकी, डॅशबोर्डवर डिझेलचा काटा, सगळं एकदम झकास वाटलं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला काटा पावावर होता. ऐंशीचा पाव म्हणजे वीस लिटर, तासाला तीन लिटर पकडले तरी सहा तास आरामात, असा हिशोब लावून आम्ही मासे पाळायच्या पिंजऱ्यांच्याही पुढे गेलो आणि परत येताना तास-सव्वा तासातच इंजिनाने दोन-चार उचक्या दिल्या आणि एअर घेऊन बंद. डिझल सरी गयं! मोबाईलला रेंज नाही, पश्चिमेचा वारा सुटलेला. एका मच्छीमार दादाने दोर टाकून ओढत आणलं आणि वर चहापण पाजला.

नंतर टाकी बाहेर काढून टेप लावला तेव्हा कळलं की काटा फार खोटं बोलत नव्हता, आम्हीच टाकी ओळखली नव्हती. लांबी ७५ सेंमी, उंची ३२, वरची रुंदी ३६, पण खाली बोटीच्या बुडासारखी निमुळती होत जाऊन फक्त ६ सेंमी. कोणीतरी कधीतरी ७५ गुणिले ३२ गुणिले ३६ केलं असणार, ते येतं ८६ लिटर, तिथून ते "ऐंशी" जन्माला आलं. खरा हिशोब वरच्या आणि खालच्या रुंदीची सरासरी २१ धरून करायचा, मग येतात ५० लिटर, आणि पत्र्याची जाडी आणि आतले आडवे पत्रे वजा जाता प्रत्यक्ष ओतलं तेव्हा ४८ च बसलं.

आता गंमत बघा, अशा निमुळत्या टाकीत उंचीने अर्धं भरलेलं असेल तर डिझेल असतं साधारण १६ लिटर, म्हणजे एक तृतीयांशसुद्धा नाही, आणि पाव उंचीवर सहा लिटरपण नाही. त्यात सक्शन पाईप बुडापासून तीन सेंमी वर, म्हणजे खालचं पावणेदोन लिटर इंजिनाला मिळतच नाही. राहिले चार. आम्ही वीस समजत होतो.

म्हणून जुनी बोट घेणारा कोणी विचारतो की "कोणतं मीटर बसवू", तर मी आधी विचारतो की टाकी किती लिटरची आहे, आणि समोरचा टाकीवरच्या पाटीवरचा आकडा सांगतो.

तर आधी टाकीचंच. तीन रस्ते आहेत: पाटी वाचा, टेपने मोजा, किंवा ओतून बघा. पाटी असली तरी टाकी तीच आहे का हे बघा, जुन्या बोटीत टाकी एकदातरी बदललेली, कापलेली नाहीतर वेल्डिंग करून छोटी केलेली निघते. टेपचा हिशोब चौकोनी टाकीला चांगला लागतो, सेंमीमध्ये लांबी रुंदी उंची गुणून हजाराने भागा, लिटर आले. उभा ड्रम असेल तर अजून सोपं, आपला नेहमीचा दोनशे लिटरचा ड्रम आतून साधारण ५७ सेंमी व्यासाचा असतो म्हणजे प्रत्येक सेंमीला अडीच लिटर. पण तोच ड्रम आडवा पाडून टाकी केली, आणि बरेच जण करतात, तर काम बिघडतं. आडव्या ड्रममध्ये अर्ध्या उंचीला बरोबर अर्धं असतं, पण पाव उंचीला २५ टक्के नाही तर २० टक्क्यांच्या आत, आणि एक दशांश उंचीला फक्त ५ टक्के. वरच्या बाजूला उलटं, पाऊण उंचीला ८० टक्के. म्हणजे काटा सुरुवातीला पळतो, मधे आळशी होतो आणि शेवटी परत एकदम पळतो, हे बघितलंच असेल ट्रॅक्टरवाल्यांनी.

माझं मत विचाराल तर टेपने अंदाज घ्या पण आकडा ओतूनच ठरवा. टाकी पूर्ण रिकामी करा, खालचा गाळ काढा (आमच्यात निघालेलं काळं लोणी बघून भाऊ जेवला नाही त्या दिवशी), बोट पाण्यात सरळ उभी करा आणि पाच-पाच लिटर टाकत जा. वीस लिटरच्या कॅनवर भरवसा नको, गळ्यापर्यंत भरला की तो वीसपेक्षा जास्त घेतो. पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं, गिऱ्हाईक मागू शकतो, तेच मागा आणि त्याने आपल्या कॅनवर पाच लिटरची खूण करून घ्या, मग घरची मोजणी बिनघोर. आणि गळ्यापर्यंत भरू नका. वैशाखात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड डिझेल उन्हातल्या लोखंडी टाकीत वीस अंशांनी तापलं तर पन्नास लिटरमागे पाऊण-एक लिटर फुगतं, ते मग व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या भोकातून, बाहेर येऊन बोटीत नाहीतर पाण्यात.

आता काठी, नळी, काटा आणि वही या चौघांची तुलना, मी चारही वापरून बसलोय.

काठी. पंपवाले रोज सकाळी टाकीत काठी बुडवून डिप घेतात ना तेच. ओततानाच दर पाच लिटरला काठी बुडवून खूण करायची, चाकूने खाच पाडली तर अजून बरं, मग टाकीचा आकार कसाही वाकडातिकडा असो, काठीवर लिटरच लिहिलेले आहेत, उंची नाही. हा तिचा सगळ्यात मोठा गुण आणि खर्च शून्य. शिवाय खाली पाणी साचलंय का हे पण तीच सांगते, पंपावर पाणी शोधायची पेस्ट लावतात ती टोकाला लावली की पाणी असेल तिथे रंग बदलतो, बाकीच्या तिघांना हे जमत नाही. पण तोटे पण आहेत. भरायचा पाईप वाकडा असेल तर काठी जातच नाही, मग टाकीवर सरळ झाकण पाडून घ्यावं लागतं. चालत्या बोटीत वाचता येत नाही, डिझेल हिंदकळतं. काठी नेहमी एकाच भोकातून आणि सरळ बुडवायची आणि त्यावेळी सगळ्यांनी एका बाजूला जाऊन मासे बघायचे नाहीत, बोट कलली की काठीपण खोटी. आणि विडी आधी विझवायची, पेट्रोल असेल तर दूर फेकायची.

लेव्हल नळी. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी, वर-खाली जोडलेली, आतलं डिझेल डोळ्याला दिसतं, मागे पट्टी लावून लिटर लिहिले की पाणी शोधणं सोडून काठीचे सगळे गुण आणि चालता चालता नजर टाकता येते. मला स्वतःला हीच आवडते. पण एक अट, खाली आणि वर दोन्हीकडे कॉक पाहिजेतच आणि बघून झालं की बंद, कारण नळी फुटली तर अख्खी टाकी बोटीच्या बुडात. उन्हाने नळी पिवळी पडते, दोन-तीन वर्षांत काही दिसेनासं होतं, खालचं तोंड गाळाने बुजलं तर जुनीच लेव्हल दाखवत बसते, म्हणून अधूनमधून खालचा कॉक उघडझाप करून बघायचं की लेव्हल हलते का. पेट्रोलच्या टाकीला ही नळी अजिबात नको, हे ठाम. आमची पहिली नळी तर उंदरांनी खाल्ली, पावसाळ्यात बोट वाड्यात उलटी ठेवली होती.

काटा, म्हणजे इलेक्ट्रिक मीटर. सगळ्यांना हाच हवा असतो कारण गाडीसारखा दिसतो. आत एक फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा तुकडा असतो, तो वर-खाली झाला की रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि त्यावर काटा हलतो. इथे लोक जी चूक करतात ती म्हणजे फ्लोट एका जातीचा आणि मीटर दुसऱ्या जातीचं. बोटींमध्ये दोन मोठ्या जाती आहेत, अमेरिकन पद्धतीत रिकाम्याला २४० ओहम आणि भरलेल्याला ३३, आणि युरोपियन पद्धतीत बरोबर उलटं, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. आपल्या बाजारात मिळणारं ट्रॅक्टरचं मीटर जुन्या बोटीच्या फ्लोटला लावलं तर काय दाखवेल त्याचा नेम नाही, मल्टिमीटरने फ्लोटचे दोन्ही टोकाचे ओहम मोजल्याशिवाय मीटर विकत घेऊच नका.

बिघाड मीटरमध्ये की फ्लोटमध्ये हे शोधायला पाच मिनिटं लागतात. स्विच चालू ठेवून फ्लोटकडची सिग्नलची वायर काढा, अमेरिकन असेल तर काटा रिकाम्यावर पडला पाहिजे, मग तीच वायर अर्थला टेकवा, काटा भरलेल्यावर गेला पाहिजे. युरोपियनला याच्या उलट. असं झालं तर मीटर चांगलं आहे, दोष फ्लोटकडे. (पेट्रोलची बोट असेल तर हा उद्योग टाकीच्या तोंडापाशी करू नका, ठिणगी पडते, मीटरच्या मागे करा.) आणि एक बारीक गोष्ट जी आम्हाला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितली, अर्थची वायर गंजली की रेझिस्टन्स वाढतो, तर अमेरिकन मीटर त्यामुळे कमी दाखवतं, चला परवडलं, पण युरोपियन जास्त दाखवतं, आणि जास्त दाखवणारा काटा म्हणजे परत दोर मागायची वेळ. जुन्या बोटीत निम्मे काटे अर्थ घासून साफ केल्यावरच सुधारतात, नवीन घ्यायची गरज पडत नाही.

बाकी फ्लोटचा दांडा टाकीच्या खोलीला जुळवलेला पाहिजे, छोटा असेल तर खाली पोहोचत नाही. पितळी फ्लोटला भोक पडलं की तो बुडतो आणि भरलेल्या टाकीतही रिकामं दाखवतो. आणि इंजिन ओढत असताना नाक वर उठतं, डिझेल मागे सरकतं, फ्लोट मागच्या टोकाला असेल तर जास्त दिसतं, पुढे असेल तर कमी, टाकीच्या लांबीच्या मध्यावर बसवलेला सगळ्यात कमी फसवतो. इतकं सगळं जुळवूनही निमुळत्या टाकीचा प्रश्न उरतोच, काटा उंचीच दाखवणार, म्हणून डॅशवर आम्ही पांढऱ्या रंगाने लिहून टाकलंय, अर्धा = १६, पाव = घरी चल.

वही, म्हणजे तास मोजायचे. इंजिनाला अवरमीटर असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईल आणि वही. टाकी खुणेपर्यंत भरा, पाच-सहा तास चालवा, परत त्याच खुणेपर्यंत भरताना किती लागलं ते भागा. असं चार-पाच वेळा केलं की तुमच्या इंजिनाचा तासाचा आकडा हातात येतो. आपलं शेतातलं दहा एचपीचं डिझेल इंजिन फुल लोडवर तासाला दोन-सव्वादोन लिटर खातं, तो अंदाज शेतकऱ्याला सांगायला नको. गंमत म्हणजे ही पद्धत टाकीकडे बघतच नाही म्हणून टाकीच्या आकाराने ती फसत नाही, पण गळती असेल, कोणी रात्री डिझेल काढलं असेल, किंवा उलट्या वाऱ्यात इंजिन जास्त ओढलं असेल तर तिला पत्ता नसतो. जेठात दुपारनंतर धरणाच्या भिंतीकडे तोंड करून जाताना आमचे तासाला तीन लिटरचे पावणेचार झालेले आहेत. पाईपमधून वाहणारं डिझेल मोजणारं फ्लो मीटर बसवणारेही भेटले, पण डिझेलमध्ये रिटर्न लाईन असते, जाणारं आणि परत येणारं दोन्ही मोजून वजाबाकी करावी लागते, छोट्या इंजिनाला ते म्हणजे घोड्यापेक्षा लगाम महाग.

मग घ्यायचं काय? तुमची बोट काय आहे त्यावर.

डिझेल इंजिन, पक्की टाकी, चालवणारे घरचेच दोघं-तिघं, तर काठी अधिक वही, आणि जमलं तर कॉकवाली नळी. काटा आधीपासून असेल तर अर्थ साफ करून ठेवा, नसेल तर मुद्दाम बसवू नका.

पेट्रोलची आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन असेल तर पक्क्या टाकीच्या नादी लागूच नका. पंचवीस लिटरची सुटी टाकी मिळते, ती उचलून कापूस मोजायच्या वजनकाट्यावर ठेवा, रिकाम्या टाकीचं वजन वजा करा आणि ०.७४ ने भागा, लिटर आले, याच्याइतकं खरं मीटर कुठेच नाही. (डिझेल असेल तर ०.८३ ने भागा.) दोन टाक्या ठेवा, एक संपली की दुसरी लावून सरळ घराकडे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि ते पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर अर्धी टाकी भरून ठेवण्याऐवजी रिकामी करून ठेवलेली बरी. जुन्या टाकीत बुचाचा फ्लोट असेल तर तो काढाच, त्याच्यावरचं वार्निश इथेनॉल खातं आणि बूच पेट्रोल पिऊन खाली बसतं.

माणसं नेणारी बोट असेल, नर्मदेकडे अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला सरदार सरोवराच्या पाण्यावर चालते तशी, तिथे बोट म्हणजेच रस्ता आणि पंप पार डोंगर चढून, तर माझ्या मते एकावर अवलंबून राहायचंच नाही. काटा चालकाला समोर दिसायला, काठी रोज सकाळी, आणि एक सीलबंद कॅन वेगळा जो कोणीही उघडणार नाही. जायला एक भाग, यायला एक भाग, आणि एक भाग हात न लावता, हा जुना दर्यावर्दी हिशोब आपल्या गोड्या पाण्यालाही लागू आहे, फक्त तीन भाग हे पाटीवरच्या लिटरचे नाही तर सक्शनला मिळणाऱ्या लिटरचे करायचे. चपट्या बुडाच्या टाकीत तो फरक मोठा असतो. ७५ बाय ३६ च्या सपाट बुडावर तीन सेंमी म्हणजे आठ लिटर मेलेलं डिझेल, आमच्या निमुळत्या टाकीत तेच पावणेदोन. म्हणजे निमुळती टाकी काट्याला फसवते पण शेवटचा थेंब देते, सपाट टाकीचा काटा खरा असतो पण ती आठ लिटर पोटात ठेवते.

आमची नवी नळी अजून डिकीत पडून आहे. आधी उंदरांचा बंदोबस्त, मग नळी, तोवर सागाची काठी आणि वही जिंदाबाद, आणि त्या मच्छीमार दादाला दर दिवाळीला फराळाचा डबा.