मराठी कॉपीरायटरची पहिली नोकरी : मोठी जाहिरात एजन्सी की दहा माणसांची?

मुंबईत दोन्हीकडून ऑफर आली असेल, तर रात्री थांबण्याचा मुद्दा तुलनेतून वगळा. दोन्हीकडे सारखंच थांबावं लागतं.

पैशांच्या बाबतीत मोठी एजन्सी उजवी. २० पेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ सहसा बंधनकारक नसतो. तिथे बरेचदा ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतात आणि १० टक्के टीडीएस कापतात. ऑफर लेटरमध्ये हे आधी वाचा.

तरी माझा कल लहान एजन्सीकडे ठरला तो एका त्रासामुळे. मोठ्या एजन्सीत फीडबॅक तीन तोंडांतून येतो. गुंतवणुकीच्या जाहिरातीत ‘परतावा’ लिहिलं, तर क्लायंट म्हणतो, “लोकांना वाटेल भरलेले पैसे परत मिळणार.” अगदी नेमकी हरकत. ती सर्व्हिसिंगकडून (क्लायंटशी बोलणाऱ्या टीमकडून) सीनियरकडे आणि तिथून ज्युनियरकडे येईपर्यंत “जरा सोपं कर” एवढंच उरतं. अडलेला शब्द कोणता आणि का अडला, हे वाटेतच गळतं. मग ज्युनियर सगळी कॉपी (जाहिरातीचा मजकूर) सोपी करतो, ‘परतावा’ मात्र तसाच ठेवतो, आणि कॉपी पुन्हा परत येते. यात संध्याकाळ जाते ती जातेच. पुढच्या वेळी काय टाळायचं तेही कळत नाही. लहान एजन्सीत माणसंच कमी, त्यामुळे ज्युनियर कॉलवर बसतो आणि हरकत मुळातून ऐकतो.

आर्टवर्कचंही, म्हणजे छपाईला जाणाऱ्या डिझाइनचंही, तसंच. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेला की ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र तुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. मूळ इंग्रजी जाहिरातीचंच लीडिंग (दोन ओळींतलं अंतर) ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. डिझायनरशेजारी बसणाऱ्याला हे पीडीएफ जाण्याआधी दिसतं. डिझायनरांचा स्टुडिओ वेगळ्या मजल्यावर असला तर कधीकधी सकाळी छापील पेपरातच दिसतं.

लहान एजन्सीची एक उणीव मात्र खरी आहे. तिथे मराठी जाणणारा सीनियर नसेल, तर चुकीचं लिहिलेलंही बिनबोभाट मंजूर होतं. चांगला मराठी सीनियर मोठ्या एजन्सीत भेटत असेल, तर कदाचित वर्षभर तिथे काढणंही योग्य ठरेल. तसा नसेल, तर मी लहान एजन्सीकडेच झुकेन. मुलाखतीत दोन्हीकडे विचारा : क्लायंटच्या कॉलवर ज्युनियर असतो का, आणि छपाईला जाणारी शेवटची पीडीएफ कोण वाचतं?