वेटसूट की ड्रायसूट? थंड नदीत कयाक चालवायला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती फारशी नसते. आपल्याकडे कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या छोट्या होडीत बसताना अंगात काय घालायचं, हा प्रश्नही पडत नाही. डिसेंबरच्या सकाळीसुद्धा टी-शर्ट, हाफ पँट आणि वर लाइफ जॅकेट एवढ्यावर भागतं. प्रश्न पडतो तो हिवाळ्यात ऋषिकेशची गंगा किंवा जुलै-ऑगस्टमध्ये लडाखची झंस्कार नदी गाठायची ठरली की.

झंस्कारला उन्हाळ्यात दुपारचं ऊन चांगलंच भाजतं, पण नदीत वाहत असतं ते हिमनद्यांचं वितळलेलं पाणी. म्हणून कपडे निवडताना हवेचा विचार मागे ठेवा आणि पाण्याचं तापमान विचारा. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर पडल्याबरोबर नकळत जोराचा श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर घात होतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट बर्फगार पाण्यासाठी १-१०-१ असा हिशेब सांगतात: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांत कामाची ताकद राहते ती साधारण १० मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. यातली मधली १० मिनिटं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चुकत नाहीत. बोटं मिटेनाशी झाली की फेकलेला दोरसुद्धा धरता येत नाही.

आता निवड. वेटसूट निओप्रिनचा असतो. हे बारीक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेलं रबर असतं आणि ऊब राखतात ते हे बुडबुडेच. पाणी आत शिरतं, पण सूट अंगाला घट्ट बसला असेल तर तो पातळ थर तिथेच राहतो आणि अंगाच्या उष्णतेने कोमट होतो. सूट ढगळ असला तर दर लाटेला नवं गार पाणी आत येतं, म्हणून इथे मापाला जाडीइतकंच महत्त्व आहे. कयाकवाले बहुतेकदा ३ मिलिमीटरचा बिनबाह्यांचा सूट पसंत करतात. त्याला फार्मर जॉन म्हणतात. वल्हं मारताना खांदे आणि काखा मोकळ्या राहतात. वर पॅडलिंग जॅकेट चढवलं की वाराही लागत नाही.

ड्रायसूटचं काम अगदी वेगळं. जलरोधक कापड, मानेला आणि मनगटाला लेटेक्सचे घट्ट पट्टे म्हणजे गॅस्केट, पायाला जोडलेले सॉक्स आणि पाणी न शिरू देणारी चेन. अंग कोरडं राहतं, पण ऊब सूट देत नाही, आतले कपडे देतात. आत फ्लीस किंवा मेरिनो लोकर हवी. सुती बनियन नको, कारण घामाने ओलं झालं की ते अंगाला चिकटून गारवाच देतं. रेनकोटला इलॅस्टिक लावून घरगुती ड्रायसूट करायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो कृपया सोडून द्या. पाण्यात पडल्यावर तो काही क्षणांत भरतो.

खर्चात मोठा फरक आहे. वेटसूट काही हजारांत येतो. चांगला ड्रायसूट बाहेरून मागवला तर आकडा लाखाच्या घरात जातो. निगाही तशीच. वेटसूट साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवला की झालं, फक्त आपल्या पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही आणि वास धरतो. काट्याने किंवा खडकाने छोटी चीर पडली तरी तो काम देत राहतो. ड्रायसूटला तेवढी चीर महागात पडते. लेटेक्सचं ऊन आणि तेल या दोन्हींशी वैर आहे. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल लावायची सवय असते. ते मानेच्या गॅस्केटला लागत राहिलं की रबर मऊ आणि चिकट होऊन फाटतं. ट्रिपच्या दिवसांत तेल बंद.

यांच्या मधला पर्याय म्हणजे वर ड्रायटॉप, म्हणजे ड्रायसूटसारखंच पण कमरेपर्यंतचं जॅकेट, आणि खाली निओप्रिनची पँट. ज्याला उलटलेली कयाक आतूनच सरळ करता येते, म्हणजे रोल जमतो, त्याला हे छान पुरतं. नवशिक्याला नाही, कारण तो उलटला की बाहेर पडतो आणि कमरेतून पाणी आत शिरतं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ऋषिकेशला शिकायला जाणाऱ्याने फार्मर जॉन आणि जॅकेट घ्यावं. शिकताना खडकांवर घासाघीस होतेच. झंस्कारच्या कित्येक दिवसांच्या प्रवासाला मात्र ड्रायसूटच हवा, मग तो भाड्याने का असेना. तिथल्या दरीत उभे कडे आहेत, हवं तिथे काठाला लागता येत नाही, आणि ओल्या अंगाने दिवसभर वाऱ्यात बसणं परवडत नाही. दोन्हीकडे निओप्रिनचे बूट घ्या. हातमोजे घालून वल्ह्यावरची पकड सैल वाटत असेल, तर पोगी बघा, म्हणजे वल्ह्यालाच अडकवायची आणि हात आत घालायची कव्हरं.

ड्रायसूट भाड्याचा असो की जुना विकत घेतलेला, निघण्याआधी इथेच उथळ पाण्यात तपासा. पाणी छातीपर्यंत येईल असं उकिडवं बसून, मानेचा पट्टा बोटाने जरा उघडून आतली हवा बाहेर काढा, मग लाइफ जॅकेट घालून थोडं पोहा. बाहेर आल्यावर आतले कपडे चाचपा. मनगटाशी थोडी ओल असेल तर चालेल, हाताच्या शिरा ताणल्या की तेवढं पाझरतं. पाय ओले असतील तर सॉक्सला भोक आहे. छातीवर चेनच्या रेषेत ओल दिसली तर तो सूट परत करा.