एकटीने उचलता येते ती गाडी: हिमालयन ४५० आणि एक्सपल्स २०० ४व्ही, इंदूरच्या कच्च्या रस्त्यांवर

गेल्या वर्षी जुलैमध्ये एका रविवारी सकाळी, इंदूरजवळच्या चोरलहून कालाकुंडकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर माझी हिमालयन मोटरसायकल डाव्या अंगावर आडवी झाली. चढ होता आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या होत्या. डावीतून मी नीट चालले होते. मध्येच उजवी कोरडी दिसली, तिकडे वळावंसं वाटलं, आणि पुढचं चाक मधल्या उंचवट्यावर न चढता त्याच्या कडेने घसरत गेलं. वेग पायी चालणाऱ्याइतका. मला खरचटलंही नाही, हँडगार्डमुळे क्लचची लिव्हरही वाचली. चूक सर्वस्वी माझी. चाकोरी एकदा धरली की मध्येच सोडायची नसते.

मग गाडी उचलायची वेळ आली.

माझी उंची पाच फूट तीन इंच, वजन ५६ किलो, वय ४४. उचलण्याची पद्धत मला येत होती. रामबागेतल्या घराच्या अंगणात जुनी गादी टाकून सराव केला होता. हँडल पूर्ण जमिनीकडे वळवायचं, पाठ सीटला लावून खाली बसायचं, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागचा कॅरिअर धरायचा, आणि कंबर सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत उठायचं. अंगणात गाडी अशी उठते, कारण तिथे फरशी आहे. इथे पायाखाली काळी माती होती. पहिल्या प्रयत्नात माझेच पाय पुढे घसरले. दुसऱ्या वेळी गाडी वीतभर उठली, आणि मग सगळीच्या सगळी, दोन्ही चाकांसकट, उताराकडे सरकली. हातमोजे काढून पाहिलं तर तळहात थरथरत होते. पाणी प्यायले, दहा मिनिटं दगडावर बसून राहिले. शेवटी बकऱ्या घेऊन चाललेला एक मुलगा आला आणि म्हणाला, "दीदी, आप हँडल पकड़ो, मैं पीछे से उठाता हूँ." दोघांनी मिळून ती उभी केली. मी तिथूनच गाडी वळवली आणि घरी आले.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० ही मनापासून आवडून घेतलेली गाडी आहे, आणि आजही आवडते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ती बाजारात आली, मी २०२४मध्ये घेतली. ४५२ सीसीचं पाण्याने थंड होणारं इंजिन, ४० पीएस ताकद, १७ लिटरची टाकी, पुढे-मागे २०० मिमी सस्पेन्शन. वजन १९६ किलो. या शेवटच्या आकड्याकडे मी घेताना फारसं बघितलं नव्हतं. रस्त्यावर चालवताना तो जाणवतही नाही, कारण गाडी एकदा चालू लागली की वजन इतकं खाली बसतं की सायकलसारखी वळते.

त्या रविवारनंतर मात्र माझ्यात एक बदल झाला, आणि तो लक्षात यायला मला दोन महिने लागले. मी पडायला घाबरत नव्हते, पण वळायची थांबले होते. जाम गेटच्या अलीकडे एक मुरमाची वाट खाली दरीत उतरते, तिथून मी तीनदा सरळ पुढे गेले. जानापावच्या टेकडीवर डांबरी रस्त्याने गेले, चंबळच्या उगमाचं कुंड पाहिलं, आणि मागच्या बाजूची पायवाट वरूनच बघून परत आले. दर वेळी डोक्यात एकच हिशेब: आत पडली तर कोण उचलणार? जड गाडीचं वजन पडल्यावर तर लागतंच, पण त्याच्या कितीतरी आधी, वाट निवडतानाच लागतं. कुठल्याही तुलनेत हे मला वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून इथे एवढं सविस्तर लिहिते आहे.

दिवाळीनंतर जुनी एक्सपल्स २०० ४व्ही घेतली. हीरोची, १९९.६ सीसी, ताकद १९.१ पीएस. म्हणजे हिमालयनच्या निम्म्याहून कमी. वजन १५९ किलो. कागदावर दोघींत ३७ किलोंचा फरक, म्हणजे एक पोतं गहूसुद्धा नाही. नवऱ्याने तेच विचारलं: एवढ्याशा फरकासाठी दुसरी गाडी?

पण तो फरक नक्की कुठे लागतो ते सांगते. दोन्ही गाड्यांच्या सीटची उंची सारखीच, ८२५ मिमी. दोन्हींवर माझे फक्त चवडे टेकतात. हिमालयन उभी असताना एका बाजूला थोडी कलली तर चवड्यावर सावरते. आणखी थोडी कलली की मग ती माझी राहत नाही, जमिनीची होते. हात आपोआप सुटतो, सोडावाच लागतो, नाहीतर खांदा जाईल. एक्सपल्स त्याच जागी, तेवढीच कलली, तरी एका पायावर परत ओढून घेता येते. तिची सीट पुढे अरुंद आहे, त्यामुळे पाय सरळ खाली जातो, फाकत नाही. खडकाळ ओढ्यात हे सारखं होतं. चोरल नदीतले गोटे गुळगुळीत आणि नारळाएवढे आहेत, पुढचं चाक त्यांवरून कधी कुठे सरकेल सांगता येत नाही. तिथे मी एक्सपल्सवर पाच-सहा वेळा पाय टेकते आणि पलीकडे पोचते. हिमालयनवर पाय टेकण्याची पहिलीच वेळ शेवटची ठरू शकते.

आणि उचलणं. जानेवारीत, माती कोरडी असताना, मी मुद्दाम एक्सपल्स अंगणात आणि मग बिजासनच्या टेकडीजवळच्या मोकळ्या मैदानात आडवी करून पाहिली. पाठ न लावता, दोन्ही हातांनी हँडल धरून, नुसती ओढून उभी राहते. दिवसातून चौथ्या वेळीसुद्धा राहते. दमल्यावर चौथ्यांदा उचलता येणं, ही माझ्या मते कच्च्या रस्त्याच्या गाडीची खरी परीक्षा आहे. पहिल्यांदा काय, जिद्दीने कुणीही उचलतो.

आता हिमालयनच्या बाजूने बोलायलाच हवं, कारण हलकी गाडी घ्या म्हणणारे पुष्कळ लोक तिथवर पोचायचं कसं ते सांगत नाहीत. इंदूरहून महूपर्यंतचा रस्ता, पुढे आग्रा-मुंबई महामार्ग, मागून ट्रक. एक्सपल्स ८०ला आनंदात असते. ९०ला हँडलमध्ये मुंग्या येऊ लागतात, आणि मागचा ट्रक हॉर्न देतो तेव्हा तुमच्या हातात द्यायला आणखी काही उरलेलं नसतं. उजवीकडे जागा असूनही पुढे निघता येत नाही. हिमालयन १००वर गुणगुणत जाते, मागे नवरा, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या, तरी मूठ अजून अर्धी बाकी. महेश्वरला सकाळी घाटावर जाऊन, तिथून मांडू करून रात्री परत यायचं असेल तर मी डोळे मिटून हिमालयनची किल्ली उचलते. रुंद, मुरमाच्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर ५०-६०ने जाताना तर तीच जास्त चांगली. जड गाडी खड्ड्यावरून हलत नाही, तिचं लांब सस्पेन्शन गिळून टाकतं. एक्सपल्सला पुढे १९० आणि मागे १७० मिमी आहे. त्याच वेगाला ती मागून उडते आणि गुडघ्यांना काम लावते. कच्चा रस्ता म्हणजे तुमच्या मनात असा रस्ता असेल, तर हलकी गाडी घेऊन तुमची निराशा होईल.

पण वाट अरुंद झाली, चढ वाढला, वळणं दोन हातांच्या आत आली, की चित्र उलटतं. तिथे ४० पीएसचा उपयोग करायला जागाच नसते. मला पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, दहाच्या वेगाने सरकायचं असतं. एक्सपल्स चढावर थोडी ओरडते, खालून जोर कमी आहे, फिरवत ठेवावी लागते. पण मागचं चाक फिरलं तरी गाडी आडवी जात नाही. तिला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे, त्यामुळे उतारावर मागचं चाक मुद्दाम बांधून गाडी वळवता येते. हिमालयनमध्येही मागचा एबीएस बंद करता येतो, फक्त ते दर वेळी आठवणीने करावं लागतं.

काळ्या मातीपुढे मात्र दोघी सारख्याच. ही आमच्या माळव्याची माती ओली झाली की टायरला लागत नाही, टायरच होते. पन्नास फुटांत चाक आणि मडगार्डमधली जागा भरून जाते, मग चाक फिरतच नाही, गाडी घसरगाडीसारखी ओढावी लागते. हलकी गाडी इथे चालते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फरक एवढाच की एक्सपल्स मी काडीने माती खरवडत, पंधरा-वीस फूट ढकलत, शेताच्या बांधावर आणू शकते. मोठ्या पावसानंतर दोन दिवस शेतातल्या वाटांना जाऊच नये, हा त्यावरचा खरा उपाय. मुरूम आणि खडक असलेल्या वाटा त्याच दिवशीही चालतात.

नेमक्या शब्दात बोलायचं तर एक्सपल्स ही डर्ट बाइक नाही. खरी डर्ट बाइक म्हणजे कावासाकीची केएक्स २५० वगैरे: ११० किलोच्या आत वजन, दिवा नाही, नंबर प्लेट नाही, रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. तिला टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावं लागतं. ज्यांना नोकरी सांभाळून रविवारी सहा तास मिळतात, त्यांच्यासाठी ती नाही. मधली जागा आता कावासाकीच्या केएलएक्स २३०ने घेतली आहे, १३९ किलो आणि रस्त्यावर कायदेशीर. सीट माझ्यासाठी बरीच उंच आहे, म्हणून मी तिचा विचार केला नाही. पाच फूट आठच्या पुढच्या माणसाने जरूर करावा.

पैशांचं थोडक्यात. हिमालयन आली तेव्हा २.६९ लाखांपासून होती, शोरूमची किंमत. एक्सपल्स ४व्ही २०२१मध्ये १.२८ लाखांना आली होती, त्यामुळे जुनी चांगली गाडी सहज परवडते. ॲव्हरेज माझ्या हातात हिमालयनचा २८च्या आसपास, एक्सपल्सचा ३८. जुनी घेताना पुढचे फोर्क तेलाने ओले आहेत का, स्पोक सैल आहेत का आणि खालची प्लेट किती ठोकली गेली आहे, एवढं वाकून बघा. आमच्या मेकॅनिकने मागचं चाक हवेत उचलून फिरवलं, पेन्सिलीने एकेक स्पोक वाजवला आणि आवाजावरून तीन सैल काढले. एका दुकानाने मला रस्त्याचे टायर कच्च्या रस्त्याचे म्हणून विकले होते, ती चूक तुम्ही करू नका. ठोकळ्यांमधली जागा बोट जाईल एवढी हवी. एक्सपल्सच्या मागच्या १८ इंची चाकासाठी असे टायर जास्त मिळतात, हिमालयनच्या १७ इंचीला शोधावे लागतात.

मी केलेले बदल तीनच: हँडगार्ड, इंजिनखाली जाड ॲल्युमिनियमची प्लेट, आणि हँडल थोडं वर घेणारे रायझर. उभं राहून चालवताना कंबर वाकत नाही.

यंदा जुलैमध्ये त्याच कालाकुंडच्या वाटेवर एक्सपल्स घेऊन गेले. चढ तोच, चाकोऱ्या त्याहून खोल. डावी धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. तरी वर पोचायच्या आधी एका ओल्या मुळावरून मागचं चाक घसरलं आणि गाडी पडली. उचलली, हँडलवरची माती पुसली, बटण दाबलं, चालू झाली. मिनिटसुद्धा गेलं नसेल. पुढे दोनदा नदी ओलांडून स्टेशनावर पोचले. पातालपाणीहून येणारी छोटी आगगाडी नुकतीच लागली होती आणि फलाटावर कलाकंद विकणारे डब्यांच्या खिडक्यांशी धावत होते. पानात बांधलेला पाव किलो घेतला, अर्धा तिथेच खाल्ला, उरलेला आईसाठी टाकीवरच्या पिशवीत ठेवला.

हिमालयन विकणार का, असं घरात विचारतात. नाही विकणार. डिसेंबरमध्ये आम्हा दोघांना ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू असं चार दिवस फिरायचं आहे आणि त्यासाठी तीच हवी. जाम गेटजवळची ती दरीत उतरणारी वाट मात्र एक्सपल्ससाठी ठेवली आहे. पाऊस थांबून माती आठवडाभर वाळली की निघणार.